अनुभव धागा: नागपूरची अभिनेत्री – सभागृह, झाडीपट्टी आणि कॅमेरा

नागपुरात राहून अभिनय करणाऱ्या बाईला हिवाळ्याच्या चार महिन्यांत तीन वेगळ्या जागा सांभाळाव्या लागतात. एकीकडे राज्य नाट्य स्पर्धेच्या तालमी, दुसरीकडे झाडीपट्टीचा, म्हणजे पूर्व विदर्भातल्या गावोगावच्या रात्रभराच्या नाटकांचा हंगाम, आणि मधेच मुंबईहून आलेला ऑडिशनचा निरोप. एका ठिकाणी मुरलेली सवय दुसरीकडे आड येते. नेमकं काय बदलावं लागतं आणि काय बिघडतं, ते जाणकारांनी लिहावं. आठवणी नकोत, कामाचं सांगा. नव्या मुलींना उद्याच्या तालमीत वापरता आलं पाहिजे.

विंगेतून

आवाजापासून सुरुवात करते. नागपूरच्या देशपांडे सभागृहासारख्या मोठ्या जागेत मागच्या रांगेला जे ऐकू येत नाही, ते बहुतेक वेळा वाक्याचं शेपूट असतं. आपलं क्रियापद शेवटी, 'आहे' की 'नाही' हेही शेवटी, आणि श्वास नेमका तिथेच संपतो. म्हणून पाठांतराच्या आधीच संहितेत श्वासाच्या जागा पेन्सिलीने ठरवा. पाठ झाल्यावर खुणा करून उपयोग नाही, कारण श्वास शब्दांबरोबरच अंगात बसतो. तालमीत आठवडाभर शेवटचे दोन शब्द मुद्दाम जोर लावून म्हणा. प्रयोगात तो जोर आपोआप निम्मा होतो आणि बरोबर बेताचा राहतो.

फूट माइक (रंगमंचाच्या पुढच्या कडेला खाली ठेवलेला) तोंडाइतकाच पायाचाही आवाज उचलतो. लाकडी फळ्यांवर टाच आधी टेकली की ठोका ऐकू येतो, पंजा आधी टेकला तर येत नाही. काचेच्या बांगड्या मनगटाला घट्ट बसणाऱ्या मापाच्या घ्या आणि दोन-तीन एकत्र दोऱ्याने बांधा.

कपडे बदलायला दीड-दोन मिनिटं मिळत असतील तर शिवलेली नऊवारीच हवी. हुक मोठे आणि कमरेच्या बाजूला, पाठीवर नकोत. वेल्क्रो अजिबात लावू नका. विंगेत तो उघडला की रंगमंचावरचा शांत प्रसंग संपलाच म्हणून समजा. कपडे ज्या क्रमाने अंगावर चढायचे त्याच क्रमाने मांडा, पहिलं लागणारं सगळ्यात वर. नथ प्रेसची घ्या, ती सगळ्यात शेवटी. मदतीला दोघी असतील तर एकीने हुक आणि दुसरीने केस, ही वाटणी आधी करा आणि बदल घड्याळ लावून अंधारात करून पाहा. उजेडातल्या तालमीत सगळं जमतं, अंधारात पदराचं टोक सापडत नाही.

ध्वनीवाला

वर भर घालतो. कॉलर माइक असेल तर मंगळसूत्र त्याच्यावर घासतं आणि सगळा प्रवेश खरखरतो. माइक केसांच्या रेषेत कपाळाच्या वर लावून घ्या. ट्रान्समीटर (माइकला जोडलेली छोटी डबी) नऊवारीच्या काष्ट्यात खोचू नका, बसताना तो ओढला जातो. पोटाला इलास्टिकचा पट्टा बांधून त्यात बाजूला ठेवा.

वडसा रोड

झाडीपट्टीबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण नागपुरात अजूनही काहीजण त्या कामाकडे दुय्यम म्हणून बघतात, आणि ते मला पटत नाही. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या चार जिल्ह्यांत तिकीट काढून रात्रभर नाटक बघणारा प्रेक्षक आहे. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीसाठी.

हंगाम दिवाळीनंतरच्या मंडईपासून (गावोगावच्या जत्रांपासून) होळीच्या आसपासपर्यंत. बोलणी वडशाला (गडचिरोली जिल्ह्यातलं गाव, नाटक कंपन्या तिथेच) त्याच्या बऱ्याच आधी होतात, दिवाळीत फोन करून चांगली भूमिका मिळत नाही. नाटक रात्री दहा-अकराला उभं राहतं आणि पहाटेपर्यंत चालतं. तालमी मोजक्या आणि संहिता लांब, म्हणून प्रॉम्प्टरवर, म्हणजे विंगेतून संवाद सांगणाऱ्यावर, बरंच अवलंबून. तो अर्धं वाक्य पुढे असतो. तोंडाने चालू वाक्य आणि कानाने पुढचं, ही सवय लागायला वेळ जातो. सभागृहातून आलेल्या मुली ऐकायला थांबतात आणि संवादात भोकं पडतात. प्रयोगाआधी त्याला दोन गोष्टी विचारा: कोणत्या विंगेत बसणार, आणि भांडणाच्या प्रवेशात फक्त पहिला शब्द देशील का? त्या प्रवेशात अख्खं वाक्य ऐकायला वेळच नसतो.

माइक वरून लोंबतात. संवाद माइकखाली, चालणं दोन माइकच्या मध्ये. चालत चालत बोललेलं वाक्य मागच्या प्रेक्षकाला मिळत नाही.

आता गळा. डिसेंबर-जानेवारीत पहाटे तीनला थंडी, धूळ आणि जागरण एकदम असतं. तालमीत काळी चारमध्ये सहज बसणारं गाणं हंगामात पांढरी पाचमध्ये, म्हणजे अर्धा स्वर खाली, ठेवा आणि ऑर्गनवाल्या दादांना हे पहिल्याच दिवशी सांगा. ऐन वेळी पट्टी उतरवली तर बाकीच्यांची पंचाईत होते. गाण्याच्या आधी दहा मिनिटं तोंड मिटून गुणगुणायचं, अंगावर शाल आणि गळ्याला मफलर घेऊन. आवाज बसला तर कुजबुजून बोलू नका, त्याने स्वरयंत्रावर आणखी ताण येतो. दिवसा गप्पच राहा.

रंगभूषेचं तेलकट फाउंडेशन थंडीत घट्ट होतं आणि चेहऱ्यावर ठिपक्याठिपक्यांनी बसतं. डबी पाच मिनिटं कोमट पाण्यात ठेवली की काम होतं. प्रयोग संपल्यावर खोबरेल तेलाने पुसून मगच गाडीत बसा. मेकअपसकट झोपलं की आठवड्यात पुरळ येते आणि पुढचा सगळा हंगाम त्याच्यावर थापावं लागतं.

नाईट (एका रात्रीच्या प्रयोगाचं मानधन) ठरवताना अवकाळी पावसाने प्रयोग रद्द झाला तर किती मिळणार, हे त्याच वेळी बोलून घ्या. बायकांची वेगळी खोली, संडासाची सोय, आणि ब्रह्मपुरी-नागभीड-भिवापूर-उमरेड मार्गे नागपूरला परत सोडणारी गाडी, हेही मानधनाइतकंच पक्कं करा.

क्लोजअप

कॅमेऱ्यासमोर नाटकवाल्या मुलींचं पहिलं काय चुकतं तर भुवया. रंगमंचावर लागतात तेवढ्या उचलल्या की पडद्यावर चेहरा ओरडतो. दर वेळी कॅमेरामनला विचारा, "दादा, फ्रेम कुठपर्यंत?" कमरेपर्यंत असेल तर हात वापरा, गळ्यापर्यंत असेल तर विचार डोळ्यांतूनच जाऊ द्या. क्लोजअपमध्ये समोरच्याच्या दोन्ही डोळ्यांत आलटून पालटून बघू नका, बुबुळं नाचताना दिसतात. त्याचा कॅमेऱ्याजवळचा एकच डोळा धरा.

जमिनीवरची खूण गाठायची असेल तर खुणेवर उभं राहून उलट पावलं मोजत सुरुवातीच्या जागेपर्यंत जा. मग खाली बघावं लागत नाही. कंटिन्युइटीसाठी (प्रसंग पुन्हा घेताना सगळं तसंच दिसावं म्हणून) कप कोणत्या शब्दावर उचलला, कोणत्या हाताने, पदर कोणत्या खांद्यावर कसा होता, हे पहिल्या टेकनंतर लगेच टिपून ठेवा. संध्याकाळी तोच प्रसंग दुसऱ्या बाजूने घेतात तेव्हा याचा उपयोग होतो.

घरून पाठवायची ऑडिशन: फोन आडवा, डोळ्यांच्या उंचीवर, खिडकी समोर (पाठीमागे कधीच नाही), भिंत साधी. दुपारचं नागपूरचं ऊन थेट तोंडावर घेतलं तर डोळ्यांखाली काळे खड्डे पडतात, पांढरा पातळ पडदा लावा. सुरुवातीला नाव, वय, उंची, गाव, दोन्ही बाजूंनी चेहरा. समोरचे संवाद वाचणाऱ्याने लेन्सच्या अगदी शेजारी बसून हळू वाचायचं, नाहीतर त्याचाच आवाज मोठा येतो.

पोट्टी

"विदर्भातली भाषा येते का?" असं विचारलं तर लगेच हो म्हणू नका, कोणत्या गावची बाई आहे ते विचारा. नागपूरची 'जात आहे'ला 'जाऊन राहिली' म्हणेल, अकोल्याकडची वऱ्हाडी बोलणारी डोळ्याला 'डोया' म्हणेल, झाडीतली 'डोरा'. तिन्ही एकाच पात्राच्या तोंडी घातली की आपल्या माणसांना लगेच खटकतं. आणि दर वाक्यात 'बे' घालायची काही गरज नाही.

हिशोब

मालिकेचे पैसे काम झाल्यावर साधारण नव्वद दिवसांनी येतात, तेवढा खर्च आधी बाजूला ठेवून मुंबईला जा. मानधनातून दहा टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापलेला आयकर) कापतात, पॅन दिला नसेल तर वीस. कापलेली रक्कम आपल्या नावावर जमा झाली का, हे आयकराच्या संकेतस्थळावरच्या आपल्या टीडीएसच्या पत्रकात बघा आणि विवरणपत्र भरा. कर तेवढा लागत नसेल तर ते पैसे परत मिळतात, कितीतरी मुली ते सोडून देतात.

ऑडिशनसाठी किंवा नाव नोंदवायला पैसे मागणाऱ्याकडे जाऊच नका. दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथे २०१३च्या कायद्याने लैंगिक छळाची तक्रार ऐकणारी अंतर्गत समिती असायलाच हवी. त्या समितीत कोण आहे, हे पहिल्या दिवशी विचारा. त्याहून लहान संच असेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे.

करारात "इतरत्र काम करता येणार नाही" असं कलम असलं तर सही करण्याआधी त्यात नाटकाचे प्रयोग वगळून घ्या. झाडीपट्टीच्या तारखा दिल्या असतील तर त्या तारखांसकट लेखी जोडा. तोंडी "बघू ना ताई" म्हणणारा माणूस शूटिंगच्या दिवशी तिथे नसतोच.