'बोधप्रद'साठी इंग्रजीत कोणते विशेषण?

प्रश्न : आमच्या शाळेच्या नववीच्या विद्यार्थ्यांची सहल पांडवलेणी आणि अंजनेरी येथील नाण्यांचे संग्रहालय पाहून आली. वार्षिकांकासाठी तिचा इंग्रजी वृत्तांत लिहायचा आहे. मराठी मसुद्यात 'सहल अतिशय बोधप्रद झाली' असे वाक्य आहे. शब्दकोश इन्स्ट्रक्टिव्ह, एडिफाइंग आणि डायडॅक्टिक असे तीन पर्याय देतो, तर सहकारी शिक्षक 'एज्युकेशनल' लिहा असे सुचवतात. यांपैकी कोणता शब्द योग्य ठरेल?

उत्तर : चारही शब्दांचा शिकवण्याशी संबंध आहे, मात्र कोणी वस्तूचा वर्ग सांगतो, कोणी वाचकावर झालेला परिणाम, तर कोणी लिहिणाऱ्याचा हेतू. 'एज्युकेशनल' प्रामुख्याने वर्ग सांगतो. मुलांनी बसमध्ये दिवसभर भेंड्या खेळल्या आणि लेण्यांकडे ढुंकूनही पाहिले नाही, तरी ती सहल शाळेच्या दप्तरी शैक्षणिकच राहते. शैक्षणिक शुल्कही कोणाला काही शिकवत नाही, पालकांचा अनुभव वेगळा असल्यास गोष्ट निराळी. म्हणून शीर्षकात 'एज्युकेशनल' चालेल, पण त्याने सहलीचे फलित सांगितले जाणार नाही.

फलित सांगायचे झाल्यास 'इन्फॉर्मेटिव्ह' आणि 'इन्स्ट्रक्टिव्ह' यांतला भेद पाहावा लागतो. पांडवलेण्यांतील लेणे क्रमांक 10 मध्ये क्षहरात वंशातील क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने तीन हजार कार्षापणांची (त्या काळच्या नाण्यांची) कायम ठेव विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, ठेवली, एकीकडे दोन हजार दरमहा शेकडा एक व्याजाने आणि दुसरीकडे एक हजार दरमहा शेकडा पाऊण व्याजाने, आणि त्या व्याजातून भिक्षूंच्या वस्त्रांची व इतर गरजांची सोय केली. शिवाय पस्तीस कार्षापण म्हणजे एक सुवर्ण (सोन्याचे नाणे) हा हिशेबही तेथे मिळतो. इतका तपशील देणाऱ्या लेखाला 'इन्फॉर्मेटिव्ह' म्हणणे अगदी योग्य आहे. मात्र तोच लेख वाचून एखाद्या विद्यार्थ्याच्या लक्षात आले की विणकरांची श्रेणी त्या काळी ठेवी स्वीकारून पतपेढीसारखे काम करत होती, तर त्याच्यासाठी तो 'इन्स्ट्रक्टिव्ह' ठरला, कारण मिळालेल्या माहितीने त्याची समज बदलली. याच कारणाने फसलेल्या प्रयोगालाही इंग्रजीत 'इन्स्ट्रक्टिव्ह' म्हणता येते, मग त्यातून नवी माहिती फारशी न मिळाली तरी चालते.

'इल्युमिनेटिंग' हा शब्द कोशाने तुम्हाला सुचवलेला दिसत नाही, पण तुमच्या सहलीला तो फार उपयोगी आहे. आधीच माहीत असलेली गोष्ट ज्यामुळे उजळून निघते, त्यासाठी तो वापरतात. लेणे क्रमांक 3 मधील सातवाहन राजमाता गौतमी बलश्रीच्या लेखात तिच्या पुत्राने, गौतमीपुत्र सातकर्णीने, क्षहरातांचा, म्हणजे नहपानाच्या वंशाचा, निःपात केल्याचे वर्णन आहे, आणि मातेने केलेली स्तुती म्हणून वाचक ते सोडूनही देऊ शकेल. परंतु 1906 मध्ये जोगलटेंभी येथे सापडलेल्या तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर, मुळात ती नहपानाची असताना, गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा उमटवलेला आहे. ही नाणी त्या लेखावर जो प्रकाश टाकतात, त्याला 'इल्युमिनेटिंग' म्हणावे. 'एन्लाइटनिंग'चा अर्थ याच्या जवळचा आहे, पण त्याचा रोख वस्तूपेक्षा माणसाकडे अधिक असतो. मराठीत आपण अशा ठिकाणी 'उद्बोधक' म्हणतो.

'डायडॅक्टिक' येथे अजिबात वापरू नये. हा शब्द कर्त्याचा शिकवण्याचा हेतू सांगतो. पंचतंत्रासारख्या ग्रंथाचा प्रकार सांगताना तो तटस्थ असतो, पण एखाद्या कथेला किंवा व्याख्यानाला लावला की लेखक कथा बाजूला ठेवून उपदेश करू लागला, अशी तक्रार त्यात बहुधा असते. तुमच्या सहलीला हे विशेषण लावले, तर सोबतचे शिक्षक दिवसभर मुलांना नीतिपाठ देत होते असा वाचकाचा समज होईल. बलश्रीच्या लेखालाही ते लागू पडत नाही. लेख कोरवला गेला तो दानाची नोंद आणि स्तुती यांसाठी, माहिती मिळाली ती आपल्याला. माहिती हेतूविना मिळू शकते, उपदेश हेतूविना होत नाही.

'एडिफाइंग'चे मूळ इमारत उभारण्याच्या अर्थाच्या लॅटिन क्रियापदात असून त्यात नैतिक उन्नती अभिप्रेत आहे. कीर्तनाला ते शोभेल. हल्ली इंग्रजीत मात्र ते बऱ्याचदा नकारासह आणि उपरोधाने येते : सभागृहात सदस्य एकमेकांवर कागद भिरकावत असतील, तर ते दृश्य 'एडिफाइंग' नव्हते असे लिहितात.

उपप्रश्न : मग 'माहितीपर' आणि 'माहितीपूर्ण' हे दोन्ही इंग्रजीत 'इन्फॉर्मेटिव्ह'च का?

उत्तर : नाही. 'माहितीपर'साठी 'इन्फर्मेशनल' हा शब्द आहे. '-पर' केवळ रोख दाखवतो, '-पूर्ण' गुण सांगतो, आणि '-प्रद' परिणाम. लेण्यांच्या पायथ्याशी लावलेला फलक माहितीपर असतोच. तो माहितीपूर्ण आहे की नाही, हे त्यावर काय लिहिले आहे ते वाचून ठरवावे. हे प्रत्यय मराठीत इतके नेमके काम करत असताना आपण निमंत्रणपत्रिकेपासून आभारप्रदर्शनापर्यंत सरसकट 'बोधप्रद' लिहितो, आणि अडचण भाषांतराच्या वेळी उघड होते.

तुमच्या वाक्यात 'इन्स्ट्रक्टिव्ह' घ्यावे आणि 'अतिशय' गाळावे. संग्रहालयासाठी 'इन्फॉर्मेटिव्ह' पुरेसे आहे. विणकरांच्या श्रेणीचे व्याजदर मुलांनी वहीत टिपले असतील, तर तेच वृत्तांतात आधी द्यावेत. मग विशेषण एका ओळीत आटोपले तरी चालेल.