शिजियाझुआंग: मदत हवी आहे (जरा लवकर)

सोलापुरी_चटका
कामासाठी बीजिंगला जातोय, सोबत बाबा. एक दिवस मोकळा आहे, त्यांना शिजियाझुआंगला जायचंच आहे. जमेल का? कसं जायचं? 'गूगल कर' म्हणू नका, करून झालंय.

भटकभवानी
महिना कुठला? थंडी असेल तर सरळ हार्बिन गाठा. नदीतला बर्फ कापून अख्खे किल्ले उभे करतात. शिजियाझुआंगला थंडीत नुसतं धुरकं.

सोलापुरी_चटका
ऑक्टोबर. आणि एकच दिवस म्हटलंय, हार्बिन हजार किमीच्या वर आहे!

रुळावरून
जमेल. बीजिंग पश्चिम स्टेशनवरून हायस्पीड गाडी धरा, २८० किमी, सव्वा-दीड तास. तिकीट पासपोर्टवर निघतं, गेटवरही तोच दाखवायचा. १ ऑक्टोबरपासून त्यांची राष्ट्रीय सुट्टी असते, तो आठवडा टाळा, गाड्यांत पाय ठेवायला जागा नसते. पण बाबांना बघायचंय काय? रेल्वे येईपर्यंत ते साधं खेडं होतं, खुद्द शहरात जुनं असं फारसं नाही.

सोलापुरी_चटका
अहो, १९३८ साली भारतातून चीनच्या मदतीला गेलेल्या वैद्यकीय पथकातले डॉ. कोटणीस, त्यांची समाधी! सोलापूरचा माणूस आणखी कशाला जाईल?

रुळावरून
मग हे आधी सांगायचं ना! स्टेशनातून मेट्रोची ३ नंबर लाइन, 'शिनबाय ग्वांगचांग'ला १ नंबर पकडा, पुढचंच स्टेशन 'लिएशी लिंगयुआन'. हुतात्म्यांचं स्मारक तिथेच. त्याच आवारात कॅनडाच्या डॉ. बेथून यांचीही समाधी आहे. कोटणीसांचं चिनी नाव 'के दिहुआ', ते चिनी लिपीत मोबाइलवर ठेवा. 'कोटणीस' म्हणून विचारलंत तर कुणाला कळायचं नाही.

जुनं_पान
१९३८ च्या त्या पथकात पाच डॉक्टर होते. नागपूरचे डॉ. चोळकर कुणाला आठवतात का? आमच्या विदर्भाचं नेहमीचंच.

खडी_सिमेंट
तिथवर जाऊन झाओझोऊचा पूल न बघणं म्हणजे कमाल. दगडी कमान, गाळा ३७ मीटरचा, सातव्या शतकाच्या सुरुवातीचा! मोठ्या कमानीच्या दोन्ही खांद्यांवर दोन-दोन छोट्या कमानी आहेत. पूर आला की पाणी त्यांतूनही निघून जातं, वर पुलाचं वजन कमी. डिझाइन ली चुन नावाच्या माणसाचं.

रुळावरून
पूल शहरापासून चाळीसेक किमीवर, दक्षिणेला. म्हाताऱ्या माणसाला एका दिवसात किती दामटवणार? त्यापेक्षा उत्तरेला झेंगडिंग जवळ आहे. तिथल्या लोंगशिंग मंदिरात सोंग घराण्याच्या काळातली ग्वानयिनची (करुणेची बौद्ध देवता) कांस्यमूर्ती आहे, २१ मीटरच्या वर. मान मोडेस्तोवर वर बघावं लागतं.

खडी_सिमेंट
मूर्ती कुठेही दिसतात. असा पूल दाखवा दुसरा.

हिशेबी
व्हॉट्सअ‍ॅप, गूगल तिथे बंद. अलीपे हे पैसे भरायचं अ‍ॅप इथूनच टाकून आंतरराष्ट्रीय कार्ड जोडून घ्या, चहावालासुद्धा क्यूआर पुढे करतो.

सोलापुरी_चटका
धन्यवाद. बाबांचे गुडघे दुखतात, तेव्हा पूल नको, मंदिरच. समाधीवर फुलं वाहू देतात ना?

रुळावरून
देतात की. छिंगमिंगला, म्हणजे पूर्वजांच्या स्मरणाच्या सणाला, एप्रिलमध्ये, तिथलेच लोक येऊन वाहतात.

ठेपलाबेन
डब्याचं मात्र बघा. हबेई प्रांतात गाढवाचं मांस भरलेली भाकरी फेमस आहे! मेथीचे ठेपले आठवडाभर टिकतात, पाकृ टाकू का?

सोलापुरी_चटका
आम्ही शाकाहारी आहोत असं कोण म्हणालं?