घरात पुन्हा पुन्हा होणारी एमआरएसएची गळवे: उपचार एकट्या मुलाचा करावा की सगळ्या घराचा?

गोदाकाठची आई (नाशिक)

आमच्या चार वर्षांच्या मुलाला गेल्या पावसाळ्यापासून मांडीवर आणि कुल्ल्यावर वारंवार गळवे होत आहेत. दर वेळी सेफॅलेक्सिन या प्रतिजैविकाचे सिरप मिळते, गळू फुटते आणि काही आठवड्यांत दुसरीकडे नवे उठते. मागच्या वेळी डॉक्टरांनी चिरा देऊन पू कल्चरला (जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीला) पाठवला, तेव्हा त्यात एमआरएसए (मेथिसिलिन या प्रतिजैविकाला दाद न देणारा स्टॅफिलोकोकस ऑरियस जंतू) निघाला. अहवालानुसार सेफॉक्सिटिन आणि एरिथ्रोमायसिन यांना जंतू दाद देत नाही. क्लिंडामायसिन, कोट्रायमोक्साझोल आणि लिनेझोलिड यांना देतो. आता आठ महिन्यांच्या मुलीच्या काखेतही पुळी आली आहे. सासूबाईंना मधुमेह आहे, त्यांच्या मानेवर अधूनमधून करट होते आणि बाळाला तेल लावून अंघोळ त्याच घालतात. सर्वांनीच उपचार घ्यावेत का, आणि सासूबाईंना न दुखावता हा विषय कसा काढावा? एका परिचितांनी तर थेट लिनेझोलिड सुरू करा असे सांगितले आहे.

चकतीवाला

मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालो आहे, म्हणून अहवालापुरतेच लिहितो. जंतू कोणत्या औषधाला दाद देतो हे पाहण्यासाठी औषध लावलेल्या चकत्या वापरतात; त्यांत सेफॉक्सिटिनची चकती मेथिसिलिनच्या ऐवजी वापरली जाते. ती निकामी ठरली, की सेफॅलेक्सिन, क्लॉक्सासिलिन आणि अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट हीही त्या जंतूवर निकामी समजावीत, कारण पेशीभित्तिका बांधणाऱ्या ज्या प्रथिनाला ही औषधे चिकटतात, त्याला पर्यायी प्रथिन या जंतूकडे असते. आजवर गळवे बरी झाली ती सिरपमुळे नव्हे, तर पू बाहेर पडल्यामुळे, असे मला वाटते. एरिथ्रोमायसिन निरुपयोगी आणि क्लिंडामायसिन उपयोगी अशी जोडी अहवालात दिसली, की ‘डी टेस्ट’ (एरिथ्रोमायसिनच्या सान्निध्यात जंतू क्लिंडामायसिनलाही दाद देईनासा होतो का, हे पाहणारी चाचणी) केली आहे का हे प्रयोगशाळेला अवश्य विचारावे. ती पॉझिटिव्ह असेल, तर कागदावर चांगले दिसणारे क्लिंडामायसिन उपचार चालू असताना फसू शकते. लिनेझोलिड मात्र राखून ठेवलेले बरे. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगात ते फार मोलाचे आहे, आणि दोन आठवड्यांहून अधिक काळ दिल्यास रक्तपेशी कमी होऊ शकतात.

बालरोगतज्ज्ञ, पुणे

वरील मताशी सहमत आहे. सुमारे तीस टक्के निरोगी माणसांच्या नाकात स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू कोणताही त्रास न देता राहतो, आणि काख, जांघ, टॉवेल व हात यांच्या वाटेने तो घरात फिरत राहतो. अमेरिकेत सेंट लुइस येथे 2012 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात केवळ आजारी मुलावर उपचार केले तेव्हा वर्षभरात 72 टक्के मुलांना पुन्हा संसर्ग झाला, तर सगळ्या घरावर केले तेव्हा 52 टक्के मुलांना. फरक खरा आहे, पण निम्म्या मुलांना तरीही त्रास झाला, हे आधीच ठाऊक असलेले बरे.

अंगावरचा जंतू घालवण्याची प्रचलित पद्धत अशी: नाकपुड्यांच्या आतून दोन टक्के म्युपिरोसिन हे प्रतिजैविक मलम दिवसातून दोनदा, पाच ते दहा दिवस, आणि त्याच काळात रोज चार टक्के क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाने अंघोळ. हे द्रावण डोळ्यांत किंवा कानांत जाता कामा नये, आणि बाळासाठी ते वापरायचे की नाही हे तुमच्या डॉक्टरांनी तिला तपासूनच ठरवावे. सर्वांनी एकाच वेळी सुरुवात करावी. परदेशी पुस्तकांत टबमध्ये ब्लीच घालून पंधरा मिनिटे बसवायला सांगितलेले असते. बादली-तांब्याच्या अंघोळीत ते साधत नाही, म्हणून आपल्याकडे मी क्लोरहेक्सिडिनच पसंत करतो. म्युपिरोसिन महिनोन्‌महिने लावत राहू नये, अन्यथा जंतू त्यालाही सरावतो. औषधाच्या दुकानातून परस्पर घेतलेली, स्टेरॉइड मिसळलेली मलमे पूर्णपणे टाळावीत. गळू पिळू नये. ते पिकले, की चिरा देऊन पू काढणे हाच मुख्य उपचार आहे आणि लहान गळवाला त्यानंतर प्रतिजैविक लागतेच असे नाही.

डॅलसकर

आमच्या दोन्ही मुलांना इथे हाच त्रास होता. प्रत्येकाचा टॉवेल वेगळा ठेवणे, तो रोज धुणे, नखे बारीक कापणे आणि जखम कोरड्या पट्टीने पूर्ण झाकणे, एवढे शिस्तीने करावे लागले. जखम नीट झाकलेली असेल, तर मुलाला शाळेत पाठवायला सहसा हरकत नसते. तेलाची वाटीही पाहा: तीत बोटे बुडवून सर्वांना तेच तेल लावण्यापेक्षा थोडे तेल वेगळे काढून घ्यावे. सासूबाईंशी बोलताना सुरुवात त्यांच्या करटापासून आणि साखरेपासून करावी. जंतू कोणाकडून आला हे शोधत बसू नये, कारण ते कळण्याचा खात्रीचा मार्ग घरी नसतो.

गोदाकाठची आई

मनःपूर्वक आभार. सासूबाई साखर तपासून घ्यायला तयार झाल्या आहेत. बाळाची पुळी अजून लहान आहे. तोवर घरी शेक देऊन वाट पाहिली तर चालेल का?

बालरोगतज्ज्ञ, पुणे

एवढ्या लहान बाळाच्या बाबतीत वाट पाहू नये. उद्याच दाखवावे. ताप आला, दूध पिणे कमी झाले, लाली पसरू लागली किंवा बाळ मलूल वाटले, तर त्याच रात्री रुग्णालयात न्यावे. पू निघालाच, तर तोही कल्चरला पाठवायला सांगावे.