केमो चालू आहे, भेटायला येणाऱ्यांना नको कसं म्हणू?

कृष्णाकाठची:
मी सांगलीची, गावभागातली. मंगळवारी मिरजेत तिसरी केमो झाली, दर 21 दिवसांनी असते. घरचे सांभाळतात, तक्रार नाही. पण पाहुणे! काल आत्या आली, सोबत शिंकणारा नातू आणि डबाभर भडंग. इथं तोंडाला नुसती लोखंड चाटल्यासारखी चव, भडंग कसलं खातेय! वर "केस सगळे गेले का गं?" म्हणत माझा स्कार्फच उचलून बघितला. डोकं सणकलं होतं, तेवढ्यात पोरगी म्हणाली, "आज्जी, नारळ झालाय आईचा." मीच हसत सुटले. पण यांना येऊ नका म्हणायचं कसं?

साताऱ्याचा दादा:
ताई, वहिनीच्या वेळी आम्ही दारावर पाटी लावलेली, 'डॉक्टरांनी भेटायला मनाई केली आहे'. डॉक्टरवर ढकललं की कोण रुसत नाही. त्यात खोटंही काही नाही, केमोनंतर साधारण 7 ते 14 दिवसांत पांढऱ्या पेशी फार कमी होतात, बाहेरचा जंतुसंसर्ग पटकन होतो. ताप 100.4 झाला तर रात्रीचे दोन वाजू देत, दवाखान्यात फोन करा. गोळी घेऊन झोपायचं नाही.

विश्रामबागवाली:
स्टीलचा चमचा बंद करा, लाकडी घ्या. मला आमसुलाचं सार तेवढं जायचं. तोंड आलं असेल तर मात्र आंबट नको.

कृष्णाकाठची:
पाटी लावली. आत्यानं आज खालूनच हाक मारली, "भडंगाचा डबा तेवढा खाली सोड गं!"