बीएसएनएलचं ४जी: स्वदेशी हट्ट की शहाणपण?

लाईनमनचा पोरगा: "स्वदेशीचा हट्ट सोडून गुपचूप नोकिया-एरिक्सनचं परदेशी सामान घेतलं असतं तर बीएसएनएलचं ४जी कधीच आलं असतं" असं वर रेंजशोधक लिहून गेलेत, म्हणून एवढं टायपतोय. अहो, २०२० चं टेंडर गलवानच्या चकमकीनंतर रद्द झालं, चिनी सामान नको म्हणून. मग कोअर (म्हणजे नेटवर्कचा मेंदू) सरकारी सी-डॉटचा, रेडिओ (टॉवरवरचं यंत्र) तेजस या देशी कंपनीचा, सगळ्याची जोडणी टीसीएसची. पहिल्यांदाच बनवताना चुकतमाकतच होणार ना? २७ सप्टेंबर २०२५ ला ओडिशातल्या झारसुगुड्यात उद्घाटन झालं, टॉवर ९७,५०० च्या वर.

रेंजशोधक: आरती नंतर ओवाळा. जिओ २०१६ ला आलं, तुम्ही २०२५ ला. कर्जात बुडालेल्या व्होडाफोन आयडियानेपण २०२४ ला नोकिया, एरिक्सन, सॅमसंगशी ३.६ अब्ज डॉलरचा करार केला. आणि एरिक्सन स्वीडनचं आहे राव, चीनचं नाही!

देवगडकर: तुम्ही बसा कोअर नि रेडिओ करत. आमच्या वाडीतला टॉवर (कंपनी सांगत नाही, सगळे एका माळेचे मणी) लाईट गेली की पाऊण तासात मरतो. बॅटरी चोरीला गेली ती गेलीच. गेल्या पावसात आईला चक्कर आली तर छत्री धरून बंधाऱ्यापर्यंत चालत गेलो तेव्हा रेंजची एक कांडी दिसली. तिच्यावर तेजस लिहिलं होतं की नोकिया, बघायचं राहिलं.

घाटमाथा: जनरेटर असतो की. पण डिझेल चोरणारे गावातलेच, आमच्याकडे दोनदा रंगेहाथ धरलेत.

देवगडकर: आमच्या गावाला चोर म्हणायचं काम नाही. पुण्यात बसून कोकणाला शिकवू नका.

घाटमाथा: पुण्यात कोण बसलंय? मी जुन्नरचा, आणि आमच्या गावाबद्दल बोललो! तुमच्या मनात का चोर आला?

देवगडकर: बघा, परत चोर म्हणाले.

लाईनमनचा पोरगा: अहो डिझेलवरून काय पेटलात, विषय काय होता? रेंजशोधक, स्वीडनचा मुद्दा बरोबर आहे, लिहिताना जीवावर येतंय. पण जिओसुद्धा रेडिओ नोकिया-एरिक्सनचे घेऊन ५जीचा कोअर स्वतःचा ठेवतं ते काय हौस म्हणून? किल्ली दुसऱ्याकडे नको म्हणूनच ना.

रेंजशोधक: बरं बाबा, किल्ली तुमची. दार उघडायला नऊ वर्षं लागली एवढंच.

देवगडकर: इथे आत्ताच लाईट गेली. जुन्नरवाल्यांना उत्तर द्यायला पाऊण तास आहे.