अनुभव धागा: सदोष इलेक्ट्रिक गाडी कंपनीने परत घेतली का?

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी... आपल्या भागात हिरव्या पाटीच्या गाड्या आता गल्लोगल्ली दिसतात. त्यातली एखादी पहिल्याच वर्षात सारखी बंद पडू लागली की मालकाची कशी फरफट होते ते घरात पाहिलंय, म्हणून हा धागा. अमेरिकेत अशा गाड्यांसाठी राज्याराज्यांत 'लेमन लॉ' आहेत, म्हणजे सारखी बिघडणारी नवी गाडी कंपनीला परत घ्यायला किंवा बदलून द्यायला लावणारे कायदे. कॅलिफोर्नियात तर कंपनीने त्याखाली परत घेतलेली गाडी पुन्हा विकताना कागदांवर तशी नोंद असावी लागते. आपल्याकडे गाड्यांसाठी असा वेगळा कायदा नाही. जे काही आहे ते २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात. बिघाड काय होता, कोणता कागद कामाला आला, हातात काय पडलं, हे मोकळेपणाने लिहा. कंपनी आणि शोरूमचं नाव नको.

टिळकवाडी
आमची गाडी तवंदी घाटात चढावरच मेली. स्क्रीनवर कासवाचं चिन्ह आलं, वेग चालत्या माणसाइतका झाला, मागे उसाचा ट्रक हॉर्न मारतोय आणि आई मागच्या सीटवर दाराची मूठ धरून बसलेली. सर्व्हिस सेंटरने 'सॉफ्टवेअर अपडेट केलंय' म्हणून परत दिली. पुन्हा तेच.

जॉब कार्डवर, म्हणजे गाडी दुरुस्तीला घेताना तक्रार लिहितात त्या कागदावर, ते नुसतं 'जनरल चेकअप' लिहायचे. मी अडून बसलो. 'चार्ज ६० टक्के असताना चढावर ताकद जाते' असं माझ्या शब्दांत लिहिल्याशिवाय सही केली नाही, किल्लीही दिली नाही. बॅटरी पॅक बदलूनही दोष राहिला, तेव्हा याच जॉब कार्डांच्या जोरावर वकिलाने नोटीस पाठवली आणि कंपनी बायबॅकला, म्हणजे गाडी परत घेऊन पैसे द्यायला, तयार झाली. वापराचे पैसे कापले, ते मी मान्य केलं. पण इन्शुरन्स आणि रजिस्ट्रेशनचे पैसे त्यांनी हिशेबात धरलेच नव्हते, ते भांडून घेतले.

कर्ज असेल तर नीट ऐका. पैसे आधी बँकेत जाऊन कर्ज मिटलं, उरलेले माझ्या खात्यात आले. बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ (कर्ज मिटल्याचा) मिळाल्यावर आरटीओत गाडीवरचा कर्जाचा बोजा उतरतो. गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वरच्या सह्या मात्र पैसे जमा झाल्यावरच करा. आणि आरसीवरचं नाव बदललं का ते स्वतः बघा, तोवर गाडी कागदावर तुमचीच असते.

निपाणी
आमचं शोरूम कोल्हापूरचं, गाडी कर्नाटक पासिंगची. 'तक्रार कोल्हापुरातच करावी लागेल' असं आम्हाला ठामपणे सांगितलं गेलं. ते खरं नाही. कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे आपण राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार चालते, म्हणून आम्ही बेळगावात दाखल केली. गाडीचे १० ते २० लाख मोजले असतील तर फी फक्त ४०० रुपये. शोरूम आणि कंपनी दोघांनाही प्रतिवादी केलंय.

केस अजून चालू आहे. समोरचे वकील सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या एका निकालावर बोट ठेवतात: सुटा भाग बदलून दोष जात असेल तर अख्खी गाडी बदलून मागता येत नाही. त्यामुळे दोष मुळातलाच आहे हे तज्ज्ञाच्या अहवालाने दाखवावं लागतं. कलम ३८ खाली आयोग तपासणीसाठी प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो, तसा अर्ज आम्ही दिलाय. सगळं दोन वर्षांच्या मुदतीत दाखल करा. 'पुढच्या महिन्यात पार्ट येतोय' या आश्वासनांवर ती मुदत सरून जाते.

गोकाक
चार्जिंग मध्येच तुटतं. सर्व्हिसवाले म्हणतात, 'तुमच्या घराचं अर्थिंग बरोबर नाही, वॉरंटीत बसत नाही.' आता काय करावं?

टिळकवाडी
ताई, लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून रीडिंग लेटरहेडवर सही-शिक्क्यानिशी घ्या. मग तीच गाडी दुसऱ्या चार्जरवर लावून चार्जिंग तुटतानाचा व्हिडिओ काढा, तारीख दिसू दे. हे दोन्ही ईमेलने पाठवा. नुसत्या फोनवरच्या बोलण्याला पुढे कुणी विचारत नाही.

खानापूर
माझी स्कूटर. जांबोटीकडचा पाऊस तुम्हाला ठाऊकच आहे. कनेक्टरमध्ये पाणी शिरून स्कूटर बंद पडली, तर म्हणतात, 'तुम्हीच पाण्यात घातलीसा.' पावसात चालणार नसेल तर खानापुरात विकूलालेत कशाला? १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. त्यानंतर नवी बॅटरी आणि बदललेलं वायरिंग मिळालं. परतावा मिळाला नाही, पण गाडी आता चालते आणि मला तेवढं पुरे आहे. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला आयोगात फीच नाही, त्यामुळे स्कूटरवाल्यांनी मागे राहू नये.

शहापूर, बेळगाव
आम्हाला बायबॅकऐवजी त्याच कंपनीची नवी गाडी, वरचे पैसे भरून, असं सुचवलं होतं. घरात मतं दोन होती, शेवटी नकार दिला. नंतर आलेल्या तडजोडीच्या कागदात 'यापुढे कोणताही दावा करणार नाही' असं वाक्य होतं. रक्कम आणि ती कधी देणार याची तारीख त्याच कागदावर लिहून घेतली, मगच सही केली. गाडी देताना ॲपमधून नाव काढा, स्क्रीनवरचे फोन नंबर आणि घराचा पत्ता पुसा, आणि किलोमीटरचा आकडा दिसेल असा फोटो काढून ठेवा. वापराची कपात त्याच आकड्यावरून होते.