मदत हवी आहे: गाडीत प्यायला घरचा चहा, कोणती पावडर, कोणता मग?

सातचीगाडी

नमस्कार मंडळी,

गेली चार वर्षं नाशिकरोड ते कल्याण पंचवटी एक्सप्रेसने अपडाऊन करते, पुढे लोकलने मुलुंड. सहा-सव्वासहाला घरी चहा होतो, सातच्या सुमारास गाडी. देवळाली गेली की डब्यात चहावाला येतो. त्या चहाला नावं ठेवत नाही, गरम आणि गोड असतो एवढं खरं. पण मला माझा चहा हवा असतो, आणि तो इगतपुरी सोडल्यावर, घाट सुरू झाला की. पावसाळ्यात खिडकीबाहेर नुसतं धुकं असतं तेव्हा तर हवाच. म्हणजे केल्यापासून साधारण दोन तासांनी.

घरी सपटची पावडर, किसलेलं आलं, असला तर गवती चहा, निम्मं दूध निम्मं पाणी, साखर बेताची. हाच चहा गाळून मगमध्ये भरते. घाटात झाकण उघडलं की वास येतो तो आटवलेल्या दुधाचा. चवही तशीच, जाड आणि चपटी. आल्याचा पत्ता नाही. महिन्यातून एखाद्या वेळी फाटलेलाही निघतो.

मग म्हणाल तर आतापर्यंत तीन झाले. पहिला बाहेरून छान आणि आतून प्लॅस्टिकचा, त्याला पहिल्याच आठवड्यात चहाचा वास बसला. दुसरा स्टीलचा, पण त्याचं झाकण बॅगेत उघडलं. ऑफिसची फाइल, डब्यातल्या पोळ्या आणि तिमाही पास, सगळं चहात. तिसरा सध्या चालू आहे, ३५० मिलीचा, दाबून उघडायच्या झाकणाचा. गळत नाही, पण रोज घासूनही कुबट वास येतो आणि चहा इतका गरम राहतो की घाट संपला तरी तोंड लावता येत नाही!

तर प्रश्न: पावडर बदलू, की मग बदलू, की चहाच बदलू? ग्रीन टी घ्या असं सांगणारे मैत्रिणींत पुष्कळ आहेत. बजेट हजार-बाराशे.

आलंवेलची

फाटतो त्याचं आधी सांगते, कारण ते सोपं आहे. आलं दुधात घालता का? कच्च्या आल्यात एक विकर (एन्झाइम) असतं, ते दुधातलं प्रथिन तोडतं. आधणाच्या पाण्यात आलं घालून दोन-तीन मिनिटं चांगलं खळखळ उकळा, मग पावडर, मग दूध. उकळलं की त्या विकराचा जोर संपतो. गूळ घालत असाल तर तो गॅस बंद केल्यावरच, नाहीतर गूळही फाडतो.

सुंठ वापरून बघा. गाडीच्या चहाला मला ओल्या आल्यापेक्षा सुंठच बरी वाटते, तिचा ठसका टिकतो.

सातचीगाडी

दुधातच घालते हो! म्हणजे दूध-पाणी एकत्र ठेवून त्यात सगळं एकदम. सकाळी सव्वासहाला कोण क्रम बघतंय. उद्यापासून बदलते.

कोराचहा

ग्रीन टी मुळीच नको, निदान या मगात तरी नको. ग्रीन टीला पाणी ७५-८० अंशांचं लागतं आणि दोन-तीन मिनिटांत पानं बाहेर काढावी लागतात. तुमच्या मगात उकळतं पाणी आणि पिशवी दोन तास एकत्र बसली की कारल्याचा रस तयार. पाणी नुसतं न्या, पिशवी कोरडी न्या, प्यायच्या वेळी बुडवा. दार्जिलिंगसारख्या पानाच्या चहालाही हेच लागू. चांगलं पान थर्मासात उकडत ठेवणं म्हणजे पैसे पाण्यात, शब्दशः.

तुमची दाणेदार पावडर मात्र या कामाला उत्तम आहे. सीटीसी म्हणजे पान चुरडून, फाडून, गोळी करून केलेला चहा. रंग-कडकपणा पटकन सोडतो, दुधापुढे दबत नाही. पावडर बदलू नका. सपट काय, सोसायटी काय, गिरनार काय, सवयीचा ब्रँड राहू द्या. गोची दुधाची आहे.

मुळामुठा

ट्रॅव्हल मग आणि थर्मास यांत तुमची गल्लत होतेय. ट्रॅव्हल मग हा घोट घोट घेत जाणाऱ्याचा. गाडी चालवणारा, ऑफिसात टेबलावर ठेवणारा. तुम्हाला दोन तास झाकून ठेवायचा आणि एका बैठकीत प्यायचा आहे. त्याला वरचं झाकणच पेला म्हणून वापरता येतं तो थर्मास हवा. पेल्यात ओतला की मिनिटभरात प्यायजोगा होतो. मगातून थेट पिताना तोंड भाजतं ते म्हणूनच. आपल्या आज्या-मावश्यांना हे माहीत होतं, त्यांच्या थर्मासाला पेला होता.

सातचीगाडी

हे डोक्यातच आलं नव्हतं. मी चार वर्षं चुकीचं भांडं शोधतेय तर.

उणेपंधरा

मी टोरांटोजवळ राहतो, इथे उलट. चाळीस मिनिटं गाडी चालवत जातो, मला मगच लागतो, आणि बूड निमुळतं हवं, नाहीतर कपहोल्डरमध्ये बसत नाही. पहिली दहा मिनिटं झाकण उघडं ठेवतो. बाहेर उणे पंधरा असलं तरी आतला चहा जीभ भाजतो. दुधाचा चहा मीही सोडला, आता मगात कोरा आणि ऑफिसात पोचल्यावर दूध.

तांबटआळी

तांब्याची बाटली वापरा, आरोग्याला चांगली. 🙂

कोराचहा

तांब्यात गरम चहा, त्यातून लिंबू पिळलेला? अजिबात नको. आंबट पदार्थात तांबं उतरतं. म्हणून तर घरच्या तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई असते.

स्टीलचापेला

भांड्याबद्दल थोडं, माझा धंदाच आहे तो (कुठल्याही कंपनीचा माल खपवायला आलेलो नाही).

आतलं स्टील ३०४ बघा, कुठे १८/८ असंही लिहितात. म्हणजे १८ टक्के क्रोमियम, ८ टक्के निकेल. चहा, लिंबू, कशालाही ते पुरतं. दोन भिंती आणि मध्ये निर्वात पोकळी, उष्णतेला बाहेर जायला माध्यमच नाही. उष्णता जाते ती मुख्यतः तोंडाकडून. म्हणून तोंड जितकं रुंद तितका चहा लवकर निवतो, आणि तोंड जितकं अरुंद तितका हात आत जात नाही. तुमचा हात जाईल एवढं रुंद घ्या, थोडी उष्णता गेली तर गेली. दोन तासांचाच प्रश्न आहे.

दुकानात नाही, पण घरी आणल्यावर पहिल्या दिवशीच करायची परीक्षा: उकळतं पाणी भरा, झाकण लावा, पाच-दहा मिनिटांनी बाहेरून हात लावा. गळ्याशी कोमट लागलं तर चालेल, पोट गरम लागलं तर पोकळीतली हवा गेलेली नाही किंवा परत शिरली आहे. लगेच बदलून घ्या. जुना थर्मास पडून पोचा आला असेल तर त्यालाही हीच परीक्षा.

आणि रोज भरण्याआधी पाच मिनिटं उकळत्या पाण्याने तापवून घ्या. थंड स्टील पहिल्याच मिनिटाला चहाची बरीच गरमी खातं. अर्धाच भरू नका, अर्धा भरलेला लवकर निवतो. अगदी काठोकाठही नको, पेराएवढी जागा सोडा.

तुमच्या कुबट वासाचं कारण मी न बघता सांगतो. झाकणाखालची रबरी रिंग काढली आहे का कधी?

सातचीगाडी

ती निघते????

सातचीगाडी (अर्ध्या तासाने)

निघाली. केसाच्या पिनेने उचकटली. खाली खाचेत पिवळट, मेणासारखा थर. नखाने खरवडला तर वड्यांसारखा सुटला. दुधाची साय, आल्याचे दोरे आणि देव जाणे काय. मी हे रोज पीत होते. यापुढे लिहवत नाही.

आलंवेलची

ताई, सगळ्यांच्या मगात असतं ते, उघडून बघायची हिंमत नसते एवढंच. मीही आत्ता बघून आले. असो.

चमचाभर खाण्याचा सोडा मगात, वर उकळतं पाणी, झाकण न लावता रात्रभर. रिंग वेगळ्या वाटीत तसल्याच पाण्यात. सकाळी बाटल्यांच्या ब्रशने घासा. चहाचे काळे डागही निघतात. ब्लीच मात्र स्टीलला लावू नका, खड्डे पडतात. धुतल्यावर झाकण लावून कपाटात ठेवायचं नाही, उघडाच पालथा.

रिंग बसवताना खाचेत नीट बसली का बघा, उलटी बसली की गळते. तुमचा दुसरा मग कदाचित असाच गेला असेल.

मुळामुठा

आता मूळ मुद्दा, दूध. एकदा दूध घातलेला चहा दोन तास ८०-९० अंशांत झाकून ठेवला की दूध शिजत राहतं, त्याचाच तो आटीव वास. उपाय नाही त्यावर, कितीही भारी थर्मास आणा. आणि दुसऱ्या टोकाला, मग नीट नसेल आणि चहा कोमट झाला असेल तर आणखी वाईट. दुधाचा पदार्थ ६० अंशांखाली तासन्‌तास ठेवायचा नसतो. संध्याकाळी परतीच्या गाडीत सकाळचा उरलेला पिणारे पाहिलेत मी, करू नका.

थर्मासात कोरा न्या. आलं-वेलची घालून, नेहमीपेक्षा कडक, साखर न घालता, गाळून. दूध पावडर छोट्या डबीत. पेल्यात ओता आणि तिथल्या तिथे मिसळा. डेअरी व्हाइटनर म्हणून मिळतं त्यात बहुधा साखर असते, पाकीट वाचा.

पासहोल्डर२

एवढी उठाठेव कशाला? प्रीमिक्सची पाकिटं मिळतात, गिरनारची मसाला, वेलची वगैरे. गरम पाणी न्या, पाकीट फोडा. मी गोदावरी एक्सप्रेसला दोन वर्षं हेच केलं.

कोराचहा

चालतं, पण साखर त्यांच्या हिशेबाने. बेताची साखर म्हणणाऱ्याला तो चहा पाकातला वाटेल. अडीनडीला बॅगेत दोन पाकिटं असू द्यावीत.

उन्हाळ्यात एक करून बघा: ग्रीन टीची पानं रात्री गार पाण्यात टाकून फ्रिजमध्ये, सकाळी गाळून तोच थर्मास. गार पाण्यात कडवटपणा कमी उतरतो. मे महिन्यात कल्याणच्या फलाटावर देव आठवतो तेव्हा बरं पडतं.

सातचीगाडी

आमच्याकडे गार चहा म्हणजे निवलेला चहा, आणि तो आई जास्वंदीला घालते. पण बघते.

सातचीगाडी (नऊ दिवसांनी)

रिपोर्ट द्यायला आले.

थर्मास घेतला, ५०० मिलीचा, पेल्याच्या झाकणाचा, आठशेच्या आत बसला. रिंग निघते हे दुकानातच काढून बघितलं, दुकानदार माझ्याकडे बघत होता. ५०० अशासाठी की शेजारच्या दोघी चार वर्षं माझ्या मगाकडे बघत आल्यात.

पहिल्या दिवशी घरच्यासारखाच उकळला, तो पचपचीत लागला. पावडर दीडपट केली, आलं आधी पाण्यात. तिसऱ्या दिवशी जमलं. गवती चहाची पात गाळताना काढून टाकत होते, आता एक पात गाठ मारून थर्मासातच सोडते. ती कडू होत नाही आणि झाकण उघडलं की आधी तिचा वास येतो. इगतपुरी सोडली, बोगदा आला, पेल्यात ओतला, दूध पावडर घातली. घरच्या दुधाची सर नाही, खोटं कशाला बोलू. पण आल्याची चव लागली, आणि आटीव वास नव्हता.

जुना मग सोड्याने लख्ख झाला, आता ऑफिसात कोऱ्या चहाला ठेवलाय.

एकच तक्रार राहिली: दूध पावडरीच्या गुठळ्या. चालत्या गाडीत, हलत्या पेल्यात किती ढवळायचं? शेवटचा घोट म्हणजे गुठळ्यांची रास.

आलंवेलची

चहात पावडर टाकू नका, पावडरीत चहा टाका. आधी पेल्यात पावडर, त्यावर दोन चमचे चहा, चमच्याने पेस्टसारखं कालवून घ्या, मग उरलेला ओता. आणि हे घाटाआधी उरका, इगतपुरीला गाडी उभी असते तेव्हा.